वीतभर सुटा ताणा

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे वाचताना तुमचं सगळं लक्ष त्या फोटोकडे जाईल आणि माझी चूक बाजूला पडेल. तसं होऊ नये.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी पेपर तोंडासमोर धरायचो. आज मीच सांगतोय, आणि नेमकं काय सांगतोय ते मलाही कळलेलं नाही...

बुऱ्हाणपुरातल्या एका लहानशा संग्रहालयात मी लेखनिक होतो. राज्यांची फेररचना होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नागपूरचे कागद बंद होऊन भोपाळचे येऊ लागले होते, आणि आपण आता नेमके कुठले, यावर गावातल्या शनवारा भागातल्या चहाच्या दुकानात रोज वाद चालायचे. त्यातच प्रजासत्ताकाला दहा वर्षं पूर्ण होणार म्हणून प्रदर्शनाचा हुकूम आला. विषय होता देश एक झाला ती वर्षं, आणि वस्तू लोकांच्या घरांतून मागवायच्या होत्या.

लोकांनी आणल्याही. संस्थानी नाणी, जुनी रेशनकार्डं, प्रभातफेरीतला बिगुल. एका दुपारी सुमन नावाची एक विणकराघरची सून हातभर पांढरं कापड घेऊन आली. तिचे सासरे रघुनाथ हातमागावर विणायचे. पहिल्या प्रजासत्ताक दिनाला वेशीवर जो झेंडा लागायचा होता, त्याचा मधला पांढरा पट्टा ते विणत होते. चार दिवस उरले असताना मागावरच गेले. त्यांच्या घरची रीत अशी की विणकर गेला तर त्याचं कापड दुसऱ्यानं पुरं करायचं नाही. पुढचा वीतभर ताणा, म्हणजे उभे धागे, तसेच सुटे ठेवून कापड मागावरून उतरवायचं.

"बाबू, धाग्यांले हात नका लावजा," सुमन म्हणाली. "सासूबाई दर दसऱ्याले मागाच्या पूजेत हे ठेवते. मोठ्या मुश्किलीनं दिलं तिनं. मीच मागे लागली, की सासऱ्याचं नाव होईल."

"काळजी करू नका," मी म्हणालो. नोंदवहीत लिहिलं — पांढरे कापड, एक नग. बस, एवढंच.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी खंडव्याहून मोठे साहेब यायचे होते. काचेची पेटी आखूड निघाली. सुटे धागे गुंतून गोळा होत होते आणि लेबलाला जागा उरत नव्हती. मी बाबूलाल शिपायाला कात्री आणायला सांगितलं.

तो म्हणाला, "साब, रहने दो ना. घुमाके नीचे दबा देते हैं."

"चिंध्या लोंबताना साहेबांना दाखवायच्या का?" मी म्हणालो, आणि कापले. सरळ, कडेला लागून. धागे टोपलीत गेले, टोपली बाबूलालनं आवारातल्या शेकोटीत रिकामी केली. ते मी स्वतः पाहिलं. मग धागे होते त्या जागी मी माझ्या अक्षरातलं लेबल ठेवलं आणि पेटीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात होती.

साहेब आले, हार झाले, फोटो झाले. गर्दीत एक म्हातारा विणकर त्या पेटीपाशी बराच वेळ उभा होता. जाताना मला म्हणाला, "ताणा मोकळा ठेवला, बरं केलं. नाहीतर सरकारी लोक कापून टाकतात."

टोमणा असावा असं मला वाटलं. मी पुन्हा जाऊन पाहिलं. कापलेली सरळ कड, बाजूला लेबल. मोकळं काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सुमनची सासू काशीबाई आली. काचेवर हात टेकवून पाहत राहिली. मग वळून म्हणाली, "धागे कुठे गेले?"

मला खरं सांगता आलं असतं. तोंडातून निघालं ते असं — "आमच्याकडे असंच आलं होतं, बाई."

"असंच?"

"हो."

ती वळली आणि चालू लागली. कापड परत न्यायलासुद्धा थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सुमन धावत आली. "बाबू, तुमच्या टेबलावर मी धागे सरळ करून ठेवले होते ना? सांगा ना तिले! ती म्हणते, तूच कापले, तुले या घराचं काही पवित्र नाही."

मी नोंदवही उघडली आणि तिच्यासमोर धरली. पांढरे कापड, एक नग. "यात तर काही लिहिलेलं नाही," मी म्हणालो. त्या वेळी तिचा चेहरा कसा झाला ते लिहिता येत नाही.

आठवड्यानं फोटो आले. साहेब पेटीकडे बोट दाखवताहेत, शेजारी मी हात बांधून उभा. आणि पेटीत कापडाच्या कडेपासून वीतभर धागे सुटे, विंचरल्यासारखे सरळ... माझ्या लेबलावरून खाली आलेले. लेबलावरची अर्धी अक्षरं त्यांच्याखाली झाकलेली.

ते लेबल मी कापल्यानंतर ठेवलं होतं. दुसरं लेबल नव्हतंच.

फोटोवाल्याकडे गेलो. तो हसला. "बाबू, मी काय ब्रशनं धागे काढू?" निगेटिव्ह काढून भिंग दिलं. त्यातही होते. बाबूलालला फोटो दाखवला. तो म्हणाला, "साब, मेरे सामने जले हैं," आणि त्या दिवसापासून त्या खोलीत झाडायला गेला नाही. पेटीतलं कापड मात्र तसंच, कापलेलं.

हा फोटो सुमनला सोडवू शकत होता. धागे संग्रहालयात शाबूत पोचले होते, हे त्यात दिसत होतं. म्हणूनच मी तो कपाटात, जुन्या कागदांखाली ठेवला. नोकरीची भीती, दुसरं काय.

दसऱ्यानंतर शनवाऱ्यात टांग्याच्या अड्ड्यावर सुमन दिसली. सोबत नवरा, पायाशी ट्रंक. मी विचारलं, "कुठे?"

"चांदनीले. माहेरी." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "पूजेत मागाले हात लावू दिला नाही तिनं. आठ महिने माझ्या हातचं पाणी पीत नाही."

नवरा म्हणाला, "चल व, गाडी निघून जाईन."

मी टांगेवाल्याला थांबवलं. थोडा वेळ थांबा, म्हणालो, हात जोडून. संग्रहालयात धावत गेलो, फोटो काढला, आणि त्या दोघांना घेऊन त्यांच्या घरी गेलो.

काशीबाईंनी फोटो हातात घेतला, उजेडाकडे धरला. धाग्यांवरून बोट फिरवलं. "हे कधीचं?"

"मी कापल्यानंतरचं," मी म्हणालो. "कसं, ते मला माहीत नाही." आजही माहीत नाही. धागे जळताना पाहिलेत आणि फोटोतही पाहिलेत, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र बसत नाहीत. कुणाला उलगडा होत असेल तर जरूर लिहा.

पण त्या दिवशी तिथे उलगडा कुणी मागितला नव्हता. सुमन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, ट्रंक अजून नवऱ्याच्या हातात. मी तिच्याकडे वळलो.

"सुमनबाई, तुमच्या सासूबाईंसमोर सांगतो. धागे मी कापले. या हातांनी. आणि तुमच्यावर आळ येऊ दिला. मला माफ करा."