कोरडी कॉलर

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, इस्त्रीवाले. इमारतीच्या जिन्याखालची खोली हे त्यांचं दुकान. एक लांब टेबल, त्यावर घोंगडी आणि जुनी चादर, भिंतीला खिळे आणि खिळ्यांवर दुसऱ्यांचे शर्ट. नाकावर माशी बसू देतील असा माणूस नव्हे. स्वतःच्या शर्टाला सुरकुती दिसली तर जेवायचं ताट बाजूला सारून आधी तो शर्ट काढतील, इस्त्री फिरवतील, मग घास घेतील. ताई म्हणायची, "इस्त्री नाही, सवत आहे ती माझी."

कापडावर पाणी मारायला त्यांना बाटली लागत नसे. तोंडात पाणी घ्यायचे, ओठ आवळायचे आणि फुर्र करून इतका बारीक फवारा सोडायचे की कापड नुसतं दमट व्हावं. मी त्यांची एकुलती एक मेव्हणी, तेव्हा चिडवायचा हक्क माझा.

"दाजी, अख्ख्या गल्लीला उष्टे कपडे घालायला लावता तुम्ही."

"उष्टं काय म्हणतेस? आशीर्वाद म्हण. तुझ्या साडीवर दोनदा मारतो, तुला जास्त गरज आहे."

एका सकाळी तो फवारा आलाच नाही. पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. दाजी हसले, पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच. पुढे जीभ जड झाली. गल्लीत कुजबूज सुरू झाली की इस्त्रीवाला प्यायला लागला. ज्या माणसाने दारूच्या थेंबाला कधी हात लावला नाही, त्याच्याबद्दल! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? मी मात्र भाजीवालीशी कडाकडा भांडून आले. उपयोग काही झाला नाही, पण बरं वाटलं.

नसांचा आजार निघाला. स्नायू एकेक करून सुटत जाणार आणि त्याला थांबवणारं औषध नाही. ताईने लाळेबद्दल विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "लाळ जास्त होत नाहीये. आपण सगळे नकळत ती गिळत असतो. यांना गिळता येत नाही, म्हणून बाहेर येते." ऐकायला किती सोपं. पुढे हात गेले, पाय गेले, बोलणं गेलं. जेवण पोटात बसवलेल्या नळीतून जाऊ लागलं. उरले डोळे. एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही.

दुकान ताई चालवू लागली. दाजींची खुर्ची टेबलाशेजारी. जुन्या चादरी फाडून तिने लाळेरी शिवली, तान्ह्या बाळाला बांधतात तसली. बांधायची तर तीही इस्त्री करूनच, नाहीतर दाजींचे डोळे दोनदा मिटायचे. तरी लाळेरं भिजायचं, खालची कॉलर भिजायची. गिऱ्हाईक आलं की ते डोळे बंद करून घ्यायचे. एकदा एक बाई कपड्यांचं गाठोडं घेऊन आली, त्यांच्याकडे पाहिलं आणि "आज राहू दे" म्हणून परत गेली. मला तिच्या मागे जाऊन चार शब्द सुनवायचे होते. ताईने हात धरला.

मग डॉक्टरांनी कानामागे चिकटवायची पट्टी दिली. लाळ आटली. ताईने लाळेरं सोडलं, त्यांना निळा शर्ट घातला आणि कॉलर कोरडी राहिली. त्या दिवशी दाजी येणाऱ्या प्रत्येकाकडे उघड्या डोळ्यांनी बघत होते.

"काय दाजी, आज मुलगी बघायला निघालात की काय?"

डोळे एकदा मिटले. आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता ताई रडू लागली.

पण ही गत आगीतून फुफाट्यात पडल्याची होती. लाळ आटली, पण जी उरली ती घट्ट झाली. भांड्याला खळ वाळून चिकटावी तसे टाळूवर पापुद्रे धरायचे. ओठ फुटले, तोंडाला वास येऊ लागला. ताई सकाळ-संध्याकाळ "आ करा" म्हणायची, मऊ ब्रशने दात घासायची, पिळलेल्या ओल्या स्पंजने टाळू पुसायची. तरी एका दुपारी तो चिकटा घशात अडकला. खोकायची ताकद नव्हती. दाजी काळेनिळे पडले. दाजींना बघायला येणारी नर्स शेजारच्याच इमारतीत राहते म्हणून कफ ओढायचं मशीन घेऊन धावत आली आणि तिने ते ओढून काढलं.

"पट्टी काढा," ती म्हणाली. "गळू दे गळेल तेवढं. अडकलं तर जीव जाईल."

ताईने दाजींना विचारलं. डोळे दोनदा मिटले. पुन्हा विचारलं, पुन्हा दोनदा. माझं डोकंच फिरलं. "दाजी, एका कॉलरसाठी मरणार का तुम्ही?"

एकदा मिटले. मी तिथून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी ते झोपलेले असताना ताईने पट्टी काढली. जाग आली तेव्हा हनुवटी ओली होती, कॉलर भिजलेली होती. ताई म्हणाली, "मला तुम्ही हवे आहात हो. ओले तर ओले." ते नुसते बघत राहिले. संध्याकाळी ती ब्रश घेऊन गेली तर तोंड उघडेना. दात घट्ट. तेव्हापासून रोज तसंच. ओठांच्या कडेने लाळ गळते आणि आत ब्रश जात नाही. नर्स म्हणते, या आजारात जबडा आखडतो.

काल मी ताईला जिन्यात गाठलं. "मग विचार की त्यांना. हो-नाही तर सांगता येतं ना?"

"नाही विचारणार."

"अगं, पण का?"

"जबडाच आखडला असेल. आजारच असू दे गं." तिने पदराने नाक पुसलं. "रागावलात का, असं विचारलं आणि त्यांनी एकदाच डोळे मिटले तर?"

ती आत गेली. ब्रश ओला केला, खुर्चीसमोर उकिडवी बसली आणि हळूच म्हणाली, "आ करा."

दाजी तिच्याकडे बघत होते, पापणीही न लववता.