वार तुमची, नाळ आमची

"वार तुमची, नाळ आमची. बोला, पटतंय का?"

बाळंतिणीच्या खाटेशी टेकायचं, तिच्या पावलावर हात ठेवायचा आणि हे विचारायचं, ही मावशींची पद्धत. समोरची सासू कितीही भांडायच्या तयारीत आलेली असो, मनातल्या मनात हिशेब करायला लागायची. दोन जावांनी भाजीची जुडी वाटून घ्यावी तसा तो सौदा असायचा. मग कोणीतरी हसायचं, बहुतेक वेळा बाळंतीणच, आणि आमचं काम होऊन जायचं.

आमचं काम काय, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही जादूटोणा करतो. तसं वाटलेले लोक मला भेटलेले आहेत. ताथवड्याला एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत आमची प्रयोगशाळा आहे आणि मी तिथे तंत्रज्ञ आहे. बाळाची नाळ कापली की ती पिवळ्या पिशवीत जाते आणि पिशवी भट्टीत. पण त्या नाळेत, रक्तवाहिन्यांच्या भोवती, खळीसारखा चिकट गर असतो. त्या गरात मूळ पेशी असतात. त्या वेगळ्या काढायच्या, वाढवायच्या, आणि झिजलेल्या गुडघ्यात सोडल्या तर दुखणं कमी होतं का ते बघायचं. होतंच, असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इतकी वर्षं त्या पेशींच्या संगतीत काढूनही मला 'होत असावं' याच्या पुढे जाता येत नाही.

गर हवा तर नाळ हवी, आणि नाळ हवी तर आईची परवानगी हवी. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी आधी शिकलेल्या मुली वॉर्डात पाठवून पाहिल्या. त्या मुली संशोधन, मानवजात असं काहीबाही बोलायच्या. कळा देऊन गळून गेलेल्या बाईला मानवजातीचं काय कौतुक असणार? आणि सासवा तर उभंच करायच्या नाहीत. आपल्याकडे बाळामागून पडणारी वार पुरतात. पूर्वी परसात पुरायचे. आता चाकणच्या कंपन्यांत कामाला आलेल्या माणसाला भाड्याच्या खोलीत परस कुठून असणार? पण म्हणून काय झालं, तो सुट्टी टाकून, पिशवी घेऊन गावच्या वाटेला लागतो. लेकराचं काही परक्याच्या हाती लागू नये, एवढीच त्यामागची धास्ती. त्या धास्तीपुढे आमच्या मुली कोरे फॉर्म घेऊन परत यायच्या.

मग मावशी आल्या. पालिकेच्या प्रसूतिगृहातून आया म्हणून निवृत्त झालेल्या, जुन्या पुनावळ्याच्या. म्हणजे जेव्हा तिथे शेतं होती आणि टॉवर नव्हते तेव्हाच्या. गावातली निम्मी पोरं त्यांनी पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. हे तुम्ही पाहिलं असेल: पाटावर बसून पाय लांब पसरायचे, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं आणि कडत पाण्याचे तांबे सोडायचे. त्यांच्या बिल्डिंगच्या बिल्डरलाही त्यांनी असंच धुतलं होतं. "एवढं मोटं नाव लावतोय बोर्डावर. माझ्या पायावर मुतलाय त्यो," असं त्या ऐन गेटात, वॉचमनच्या देखत सांगायच्या.

त्यांनी पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली. घरच्यांनी मागितली तर वार देण्याची पद्धत त्या दवाखान्यात होतीच. मावशींनी तिचाच सौदा केला. वार तुम्ही न्या, पुरा, हळद-कुंकू वाहा. मधला वीतभर तुकडा आमचा.

कुरुळीच्या एक आजीबाई मात्र हटून बसल्या होत्या. "पुरायची तर सगळी पुरायची. अर्धी कुनी पुरतं व्हय?"

मावशी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "गुडघं दुकत्यात का तुमचं?"

"दुकत्यात की. जिना चढवंना."

"माजं बी दुकत्यात. आता ऐका. तुमच्या नातवाच्या नाळंतनं कुना म्हातारीचा गुडघा बरा झाला, तर त्या म्हातारीचा आशीर्वाद कुनाला लागंल? मला का तुमच्या नातवाला?"

आजीबाईंनी विचार केला आणि सुनेला म्हणाल्या, "दे गं, कागदावर सई दे."

हे मॅडमच्या कानावर गेलं आणि मावशींना बोलावणं आलं. मॅडम स्वभावाने गरीब, पण नियमाच्या बाबतीत कडक. "मावशी, आशा लावायची नाही हो. याने कोणी बरं होईल असं आपल्याला अजून ठाऊक नाही." मावशींनी मान डोलावली, "व्हय, व्हय" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डात तेच बोलल्या. फक्त 'बरा झाला'च्या आधी 'समजा' घातलं. मॅडमची काही तक्रार राहिली नाही.

नाळ आणून दिली की त्यांची ड्यूटी संपायची, पण त्या लगेच घरी जायच्या नाहीत. प्रयोगशाळेच्या दारातून मला हाक मारायच्या, "पोरं जेवली का?" पेशींना ठरावीक दिवसांनी नवं खाद्य घालावं लागतं, हे मी एकदा सांगून बसलो होतो. तेव्हापासून पेशींची पोरं झाली. एकदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. बराच वेळ डोळा लावून होत्या. मग म्हणाल्या, "शेवया सांडल्यात." खरं सांगतो, तेव्हापासून मलाही तिथे शेवयाच दिसतात. एका खेपेला बुरशी लागून आख्खी तुकडी फेकून द्यावी लागली, तर त्या दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "मागून आनलेली व्हती रं ती," एवढंच म्हणाल्या.

आता त्यांच्या गुडघ्यांचं सांगतो. सगळं तिथेच येऊन अडतं.

गुडघे पार झिजलेले होते. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बदलून टाका, धावायला लागाल. मावशींनी विचारलं, खाली बसता येईल का? डॉक्टर म्हणाले, खुर्चीवर बसा, कॉटवर बसा, जमिनीवर मात्र नाही. मावशी उठून आल्या. कारण त्यांच्या मुलीला लग्नानंतर फार वर्षांनी, सगळ्यांनी नाद सोडल्यावर, दिवस गेले होते. गावाची पोरं धुतली आणि स्वतःचं नातवंड दुसऱ्या बाईच्या पायावर द्यायचं, हे त्यांच्या मनाला पटणं शक्यच नव्हतं.

नेमकी त्याच सुमारास आमची गुडघ्यांची चाचणी सुरू व्हायची होती. मावशी मॅडमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला बी घ्या."

मॅडमनी समजावलं की चाचणीत काम करणाऱ्याला चाचणीत पेशंट म्हणून येता येत नाही.

"मग काम सोडते," मावशी म्हणाल्या.

आम्हाला वाटलं रागाने बोलल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. मॅडमनी हात जोडले, त्यांचं नाव चाचणीत घातलं आणि सगळं समजावून सांगितलं. अर्ध्या लोकांना पेशी मिळणार, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी; कोणाला काय, हे ना पेशंटला कळणार, ना सुई टोचणाऱ्या डॉक्टरला; सगळं संपल्यावरच ते उघडणार. मावशी शांतपणे ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मी पुन्हा तेच सांगायला लागलो, तर मला थांबवून म्हणाल्या, "अरं, मला पानी कसं यील? मी आनलेली पोरं हायेत ती. वळखत्याल मला."

चेष्टा असेल म्हणून मी तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. ज्यांची चिठ्ठी नुसत्या नशिबाने निघणार होती, त्या बाकीच्या पेशंटांत आणि आपल्यात काही फरक आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. ते खोडून न काढता मी त्यांना रिक्षा बघून दिली.

त्यांना इंजेक्शन मिळालं. पुढच्या तपासणीला त्या जिन्याने आल्या. त्याच्या पुढच्या वेळी काठी घरी ठेवून आल्या. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून साडी जराशी वर धरली आणि उठाबशा काढायच्या बेतात होत्या, मीच धावत जाऊन अडवलं. आम्हाला किती आनंद झाला हे कसं सांगू? इतकी वर्षं पेशी वाढवायच्या, गोठवायच्या, मोजायच्या, आणि त्यांचं पुढे काय झालं ते कधी दिसायचं नाही. इथे आमच्या डोळ्यांपुढे एक माणूस चालत होतं. नियमाप्रमाणे आम्हाला काही ठाऊक नव्हतं. पण आम्ही सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं होतं की मावशींना पेशीच लागल्या आहेत.

मावशींच्या लेकीला मुलगी झाली. एका रविवारी सकाळी मला बोलावणं आलं, "न्हाणं बघायला ये." पुनावळ्याच्या त्या बिल्डिंगमधल्या चिमुकल्या बाथरूममध्ये, फरशीवर पाट टाकून मावशी बसल्या होत्या. पाय भिंतीपर्यंत पोहोचलेले, आणि त्यावर ती एवढीशी नात. मावशींचे हात एरवी जाडेभरडे दिसायचे. तेलाने माखलेले ते हात त्या पाठीवरून फिरताना मी बघत राहिलो. पोरगी आधी किंचाळली, मग कण्हली, मग झोपेला आली. अंघोळ झाल्यावर मुलीने तिला टॉवेलात घेतलं आणि मावशी नळाचा आधार घेऊन, कोणाचा हात न धरता उठल्या. माझ्याकडे पाहून फक्त भुवया उडवल्या. मी तिथे गुळाचा चहा पिऊन आलो, आणि त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला. तसा तो क्वचितच वाटतो.

तेव्हाच सगळं थांबलं असतं तर बरं झालं असतं.

पण चाचणी संपली आणि कोणाला काय मिळालं ते उघडलं. पेशी मिळालेल्यांना फरक पडला होता. पाणी मिळालेल्यांनाही बऱ्यापैकी पडला होता. दोन्हींमधलं अंतर आम्हाला हवं होतं त्याच्यापेक्षा फार कमी निघालं. असं होतं, सगळीकडे होतं, त्याबद्दल परिषदांमध्ये बोलतात. ज्याला जे मिळालं ते त्याला सांगायचं, असं आम्ही सगळ्यांना आधीच कबूल केलेलं होतं. मॅडमनी एकेकाला बोलावून सांगितलं. मावशींच्या वेळी मला शेजारी बसवून घेतलं.

"पानी?" मावशी म्हणाल्या.

"मिठाचं पाणी, मावशी."

त्या हसल्या. मॅडमना थट्टा करायची सवय नाही, हे लक्षात आल्यावर हसू थांबलं. "मग मी खाली बसती ती?"

"तुम्हीच बसता. तुमच्याच पायांनी." मॅडमनी हे फार मायेने सांगितलं. मलाही तेव्हा ते चांगलंच वाटलं. बाईंच्या अंगातच जोर होता, सुई नुसती निमित्त झाली, असं काहीतरी मीही बोललो.

मावशी आपल्या पायांकडे बघत होत्या. "मग आता खरं द्या की. पोरं असत्यालच फ्रिजात."

मॅडमनी मान हलवली. चाचणीपुरतीच परवानगी होती, ती संपली होती. मावशींनी पुन्हा विचारलं नाही. आल्या होत्या जिन्याने, जाताना मात्र लिफ्टचं बटण दाबून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. पाणी काढलेलं होतं, तेल कोमट केलेलं होतं, पाट टाकलेला होता, आणि आई बाथरूमच्या दारात उभीच होती. बसायला गेली की गुडघ्यातून कळ निघत होती. पाणी निवलं, पुन्हा तापवलं, पुन्हा निवलं. शेवटी मुलीने स्वतःच कशीबशी पोरीची अंघोळ उरकली. पुढचे दोन-तीन दिवस हेच चाललं होतं. खालच्या मजल्यावर बाळं न्हाऊ घालणारी एक बाई होती, पण मावशी तिचं नाव काढू देईनात. जावयाने कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात आणली, तिथे मागेल त्याला पेशी टोचून देतात म्हणे. मावशींनी ती बघितलीसुद्धा नाही. "कुनाची नाळ, कुनी मागून आनली, काय ठावं न्हाई. मला नको," म्हणाल्या.

मग पुन्हा फोन करून मुलगी मला म्हणाली, "भाऊ, एक कराल का? तुमची नोंद चुकली होती, असं तिला येऊन सांगा. तिला पेशीच मिळाल्या होत्या म्हणून सांगा. तुमचं ती ऐकेल."

मी मॅडमना विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ठाऊक होतं. आम्ही खरं बोललो होतो आणि खरं बोलायलाच हवं होतं. आजही मला कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. पण ते खरं बोलून आम्ही त्या बाईच्या पायातलं बळ काढून घेतलं, याचं मला अजून वाईट वाटतं, आणि आमच्या सगळ्या शास्त्रात त्याला इलाज नाही. बाळ पायावर मावतं ते जेमतेम वर्षभर. पुढच्या चाचणीची परवानगी यायलाच त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

मी पुनावळ्याला गेलो. मावशी हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नात खाली चादरीवर हातपाय झाडत होती. मी वाकून तिला घ्यायला गेलो, तिने माझा चष्मा ओढला, आणि ते निमित्त करून मी मावशींकडे न बघताच सुरुवात केली. "मावशी, परवाचं ते... कधीकधी असं होतं की आमच्या नोंदीत..."

मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाळंतिणीच्या पावलावर ठेवायच्या तसाच, जड आणि गरम.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "लांबनं आलास. चा घे."

मी बसलो. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मावशींनी तिच्याकडे मान वळवली.

"आनि त्या खालच्या मजल्यावरच्या बाईला सांग, उद्यापासनं येत जा म्हनावं. पानी लय कडत घिऊ नको म्हनावं. पोरीची कातडी नाजूक हाय."