सदाशिवरावांचं नाक

सदाशिवराव म्हणजे आमच्या दिग्रसच्या कॉलेजातले केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट. अठ्ठावीस वर्षं नोकरी, पण बाटलीवरचं लेबल वाचतील तर शपथ! टोपण उघडायचं, नाकाशी धरायचं, "अमोनिया आहे मॅडम," म्हणून मोकळे. मी कुंदा, लॅबची इन्चार्ज. डोकं आपटून घ्यावंसं वाटे. "अहो, नाक आहे का मशीन?" म्हटलं की हसत. "मशीन बिघडते मॅडम, हे नाही बिघडत."

ते २०१७ साल. कपाशीवर बोंडअळी अन् बाजारात नकली औषधांचा सुळसुळाट. मग काय, ज्याले पाहा तो फवारणीचं औषध घेऊन लॅबच्या मागच्या दारात. सदाशिवराव हुंगून सांगत, असली का नकली. एकदा कंपनीची सीलबंद बाटली फोडून माझ्याच नाकाशी आणली. "सडल्या लसणावानी येते ना? हे असली." मी हात झटकला. भिंतीवर 'वास घेऊ नये' असा मोठा कागद लावला, तर त्यांनी त्याच्याच खाली स्टूल टाकला.

सप्टेंबरात आर्णीकडचे शेतकरी रामराव आले. भावासोबत औषध अर्धं-अर्धं वाटून घेतलेलं, म्हणून सरबताच्या बाटलीत. लेबल कुठलं असणार? सदाशिवरावांनी बाटली हलवली, ढिलं टोपण उडालं, छातीभर औषध. "शर्ट काढा, साबणानं धुवा!" मी ओरडून राह्यली अन् हा माणूस बाहीनं गळा पुसून म्हणते, "असली आहे रामराव, जा, फवारा." वर मले म्हणते, "प्रॅक्टिकल आटपू द्या, मग धुतो."

तासाभरात तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वासाची घरघर. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई टोचली अन् विचारलं, "औषध कोणतं? नाव कळल्याशिवाय पुढचा इलाज कसा ठरवू?" रामरावांचा फोन लागेना, ते वावरात. उरलेलं औषध डब्यात ओतून घेऊन गेलेले, सांडलेली बाटली माझ्या हातात. सदाशिवरावांचा इतका राग आला की रडू फुटलं.

टोपण उघडलं अन् हुंगलं. सडला लसूण. कंपनीच्या त्या सीलबंद बाटलीवरचं नाव झटकन आठवलं, डॉक्टरांना सांगितलं.

पाचव्या दिवशी सदाशिवराव बोलायले लागले. मी साठवलेलं सगळं बाहेर काढलं. "मरायची हौस आहे का तुम्हाले? कायले हुंगता? किती वेळा सांगितलं!" त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "नर्सबाई सांगत होती मॅडम... तुम्ही काहून हुंगलं?"

मी कपाळावर हात मारला अन् त्यांच्या खाटेवर बसून खूप रडली.