मुराळी नसताना

गेल्या हिवाळ्यात मी एकटीच कन्याकुमारीला जाऊन आले. दौंडहून रेल्वेत बसले, समुद्र बघितला, परत आले. आल्या आल्या आमच्या लोणी देवकरच्या बायकांनी मला दारातच गाठलं. "घरात काय झालं का?" एकीनं विचारलं. दुसरीनं जरा मायेनं आवाज खाली आणला, "मालकांशी बिनसलंय व्हय?" मी म्हटलं, काही बिनसलेलं नाही, समुद्र बघायचा होता. त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. समुद्र काय नवऱ्याला घेऊनही बघता येतो, असं त्यांचं म्हणणं. येतो, मी कुठं नाही म्हणते? माझा नवरा भला माणूस आहे. पण त्याला घडीघडी चहा लागतो, आणि बायको पाण्याकडे बघत बसली की तो "झालं का?" म्हणून विचारतो.

माझी मुलगीही विचारते, आई, एकटीच का गं? तिला मी सोपी उत्तरं देते. मोकळं वाटतं, मनासारखं थांबता येतं. ती उत्तरं खोटी नाहीत. पण हे वेड माझ्या अंगात कुठून आलं, ते मी तिला कधी सांगितलं नाही, कारण त्यात तिच्या आजोबांचं नाव येतं.

माझं माहेर सुप्याजवळ. उघडा माळ, बाजरी, ज्वारी, आणि पाऊस बरा झाला तर चार हिरव्या जागा. लग्न होऊन मी इंदापूर तालुक्यात उसाच्या मुलखात आले. इथं जिकडे बघावं तिकडे ऊस, नजर लांब जातच नाही. मला आमच्या माळाची फार आठवण यायची. पण आठवण आली म्हणून सासुरवाशीण उठून माहेरी जात नसते. तिला न्यायला मुराळी यावा लागतो. भाऊ नाहीतर बाप येतो, चहा घेतो, रीतसर विचारतो आणि मग तिला घेऊन निघतो. मुराळी आला नसताना पिशवी घेऊन माहेरच्या दारात उभी राहिलेली लेक म्हणजे भांडून आलेली लेक, एवढं आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

मलाही कळत होतं. तरी लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी गेले. सासूबाई त्यांच्या लेकीकडे गेल्या होत्या, नवरा कारखान्यात निघाला होता. मी त्याला म्हटलं, बाजरी निसवली असेल, कणसं बाहेर आली असतील, बघून येऊ का? "ये की जाऊन," तो म्हणाला. मी बारामतीच्या स्टँडवर गाडी बदलली, खिडकीशी बसले. सुपं जवळ आलं तसा माळ मोकळा व्हायला लागला. लांब हरणं उभी होती. तेवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे मी आज नवऱ्यासमोरही सांगते.

दारात आईनं मला पाहिलं आणि ती आत धावली. लेक आली की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायांवर पाणी घालायचं, मग तिला घरात घ्यायचं. आई तांब्या घेऊन आली, तेवढ्यात आबा, माझे वडील, गोठ्यातून आले. त्यांनी माझ्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

"कोण हाय संगं?"

"कोण न्हाय. मी एकलीच आले."

आबांचा चेहरा पडला. त्यांनी आईला हातानंच थांबवलं. "आधी हिला पोचवून येतो," म्हणाले. मी सांगत होते, आई सांगत होती, पण त्यांनी अंगावर सदरा चढवला होता. आल्या पावली त्यांनी मला परत फिरवलं. जातानाही मी खिडकीशीच बसले, पण मला हरणं दिसली की नाही ते आठवत नाही.

सासूबाई संध्याकाळी परतल्या तेव्हा आबा ओसरीवर हात जोडून उभे राहिले. "विहीणबाई, पोरीचं चुकलं. पदरात घ्या." सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मग नवऱ्याकडे. तो बिचारा म्हणाला, "आबा, भांडण झालंच न्हाय." त्यावर आबांचे डोळे भरून आले. जावईबापू मोठ्या मनाचे आहेत, झाकून घेतायत, असं त्यांना वाटलं. न झालेल्या भांडणाची माफी त्यांनी मागितली आणि ते भांडण आमच्या घरात कायमचं येऊन बसलं. काहीतरी झालंच असणार, असं सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या.

त्यानंतर पंचमीला, दिवाळीला भाऊ यायचा आणि मी त्याच्या गाडीवर मागे बसून जायचे. आई गेली तेव्हाही त्याच्याच मागे बसून गेले. पुढे मुलं मोठी झाली, मी एकटी हिंडायला लागले. बाई एकटी निघाली की तिला कोणीतरी हाकललेलं असतं, नाहीतर ती पळालेली असते, असं लोक धरून चालतात. तिला जावंसं वाटलं, हे कारण कोणाच्या मनातच येत नाही. मी त्याच कारणासाठी जाते. आणि तरीही, कन्याकुमारीपर्यंत एकटी गेलेली मी, सुप्याला एकटी गेले नव्हते. तिथं जायची मला भीती वाटायची.

या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. आबांनी जेवण सोडल्यात जमा होतं. "मी येतो न्यायला," तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ नकोस. आता नाही गेले तर त्या दारात एकटीनं जायचं कायमचं राहून जाणार होतं.

आबा घरात खाटेवर होते. अंगावर काही उरलं नव्हतं, नजर मात्र तीच. मी खाली बसले तरी ते माझ्या मागेच बघत होते.

"कोण आलंतं आणायला?"

"कोण न्हाय, आबा. एकलीच आले."

ते उठायला लागले. त्यांचे दोन्ही हात आपोआप जवळ आले, जोडल्यासारखे. "काय झालं? भांडलीस?"

मी ते हात धरले. "काय बी झालं न्हाय. तुमाला बघावंसं वाटलं म्हणून आले."

ते परत खाटेवर टेकले. मग त्यांनी विचारलं, "आन् तवा?"

कधी, हे मला विचारावं लागलं नाही. "तवा बी तसंच, आबा. बाजरी बघायला आलते."

"तुझी आई सांगत हुती," ते म्हणाले. "तुला पाणी बी पिऊ दिलं न्हाय मी."

इतकी वर्षं मी त्यांना सुनावायची वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. मी नुसती रडले.

त्यांनी वहिनीला हाक मारली. "भाकरतुकडा आण. लेक आलीया."

"आबा, वन्सं तर कवाच्या आत आल्यात की."

"मंग भायेर जाऊ दे तिला." माझ्याकडे वळून म्हणाले, "जा. पिशवी घिऊन जा आन् परत ये."

मी पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन दारासमोर उभी राहिले. या वयात, भर उन्हात, शेजारच्या बायका बघत असताना. वहिनी तांब्या घेऊन आली. तिनं भाकरतुकडा ओवाळला, लांब टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं. ते गार पाणी मला अजून आठवतं.

आतून आबांचा आवाज आला. "कोण आलंया?"

"लेक आलीया," वहिनी म्हणाली.

"एकलीच?"

"एकलीच."

"येऊ दे," आबा म्हणाले.