वाचलेल्या पानाचं भोक

मामांनी उभं आयुष्य बसमध्ये कंडक्टरकी केली. निवृत्तीच्या दिवशी खाकी कपडे आणि चामडी बॅग डेपोत जमा केली. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा मात्र खिशातच राहिला. बातम्या ऐकताना टिकटिक, विचार करताना टिकटिक. बायको होती तोवर करवादायची, "अहो, गप्प करा तो बेडूक!" ती गेली आणि घरात करवादायलाही कुणी उरलं नाही. मुलगी होती, पण तिच्याशी बोलणं म्हणजे, "जेवलात?" "जेवलो." "दिवा घालवू?" "घालव." भांडण म्हणावं तर तेही नाही.

मुलगी वाचनालयात ग्रंथपाल. एकदा ती छत्री विसरली म्हणून मामा द्यायला गेले, तर आत वाचकमंडळ भरलेलं आणि ही हातवारे करत धबधब्यासारखी बोलतेय! मामा दारातच खिळले. ही आपलीच का? दुसऱ्या दिवशी ते सभासद झाले. मुलीने बजावलं, "तिथे बाबा-बिबा चालणार नाही हं. तिथे तुम्ही सभासद." चालेल की! दर शनिवारी तासभर तिचा आवाज तरी कानावर पडेल.

या खेपेचं पुस्तक म्हणजे एका बाईने लिहिलेल्या आठवणी होत्या: तळ्याकाठचं घर, पक्षी आणि पक्ष्यांचं वेड असलेला बाप. प्रत एकच, तीही शिवण उसवलेली. मुलीने प्रतीचे भाग सुटे केले आणि सभासदांना वाटून दिले. शनिवारी ते परत आले. मामांचा भाग निवृत्त मास्तरांनी उजेडात धरला.

"म्हणजे असं बघा," मास्तर म्हणाले, "याला वाळवी लागलीय."

शिंपीणकाकूंनी मान वाकडी करून पाहिलं. "वाळवी इतकं गोल खात असती ना मास्तर, तर काजं करायला मी तिलाच ठेवली असती!"

मामांचा हात खिशातल्या चिमट्यावर गेला आणि चेहरा उतरला. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक भोक. वाचलं, ठोकलं. "हाताला कळलंच नाही," ते पुटपुटले.

भिंतीवर लाल अक्षरांत मुलीनेच लिहिलं होतं: पुस्तक खराब करणाऱ्याचे सभासदत्व रद्द. सगळे तिच्याकडे बघू लागले. मामांनी ती अक्षरं पुन्हा वाचली. सभासदत्व गेलं तर जाऊ दे, पण शनिवार जाणार होता.

मुलगी पानं उलटत होती. एका पानावर थांबली. त्याला भोक नव्हतं.

"हे वाचलं नाहीत, सभासद?"

"वाचलं. पुन्हा पुन्हा वाचलं."

"मग हे कसं सुटलं?"

"ते संपेचना." मामांनी पानावर बोट ठेवलं. "बाप पोरीला पहाटे तळ्यावर नेतो. गवतात दोघं बसतात. तो नुसतं बोट दाखवतो, बोलत काहीच नाही. आणि पोर खूश! मी तुला कुठे नेलं? रविवारी हटकून डबल ड्युटी. बस आपल्या घराखालून जायची, तू खिडकीतून हात हलवायचीस."

"आणि तुम्ही घंटा मारायचात. दोनदा." मुलीचा आवाज खाली आला. "एकदा मारली की बस थांबते, दोनदा मारली की निघते. मी एकदाच वाजायची वाट बघायचे, बाबा."

मग मास्तरांना राहवेना. "म्हणजे असं बघा, नियम—"

"मास्तर, पानं शिवायचीत, तुम्ही जरा सुईत दोरा ओवा हो," काकूंनी त्यांना दाबलं.

"नाही काकू, नियम म्हणजे नियम," मुलगी म्हणाली. "सभासदत्व रद्द."

मामा उठले. पिशवी उचलली, चपला शोधू लागले.

"निघालात कुठे? सभासद गेले. बाबांना यायला बंदी आहे असं कुठे लिहिलंय?" तिने टेबलावरचा पुठ्ठा कापून एक पट्टी त्यांच्या हातात दिली. "वाचलं की यावर ठोकायचं. पुस्तकाला चिमटा लावलात तर मात्र खबरदार! आणि उद्या रविवार आहे. तळ्यावर जाऊ."

"पक्षी असतील?"

"नसले तर बोट कशाकडेही दाखवा."

मामा परत खुर्चीत टेकले. चिमटा काढला, पट्टी नीट धरली आणि दाबला. टिक.

एकदाच.