एका मुलाला किती मावश्या?

शाळेच्या कचेरीत नोंदणीबाईंची सव्वीस वर्षं गेली होती. मुलाला घ्यायला कोण येणार, ही नोंद त्यांच्याकडे. पूर्वी जाडजूड रजिस्टर होतं, गेल्या महिन्यात संगणकावरचा फॉर्म आला. नाव, नातं, फोन, फोटो भरायचं आणि ‘जतन करा’ दाबायचं. ज्याची नोंद असेल त्याच्याच हाती फाटकावरचा पहारेकरी मूल देणार. कल्पना चांगलीच होती; घात केला तो फॉर्म बनवणाऱ्यानं.

हा तज्ज्ञ गळ्यात ओळखपत्र आणि हातात दोन फोन मिरवत यायचा. कुठलंही दुखणं सांगा, त्याचं औषध एकच, ‘बंद करून चालू करा.’ शिक्षिकांनी त्याचं नाव बंदचालू ठेवलं होतं. मुख्याध्यापकांना मात्र तो देवदूत वाटे, कारण त्याचं बोलणं त्यांना कळत नसे, आणि जे कळत नाही ते थोर, अशी सरांची जुनी समजूत.

तीन आठवडे काही नोंदी जतनच होत नव्हत्या. लाल अक्षरांत यायचं, ‘माहिती चुकीची आहे.’ कुठली माहिती, ते सांगायला फॉर्मची जीभ रेटत नव्हती. पालक तावातावानं भांडून जात.

“फॉर्म शंभर टक्के बरोबर आहे सर,” बंदचालू म्हणाला. “भरणारे हात चुकतात. वयाचा प्रश्न असतो.”

झालं. खापर फोडायला डोकं मिळालं. सोमवारपासून बाईंनी भांडारखोली सांभाळावी, असं पत्र टाइप झालं. भांडारखोली म्हणजे मोडकी बाकं, खडूची खोकी आणि खिडकी नावाला. कारण लिहिलं होतं, ‘संगणक जमत नाही.’ शुक्रवारी दुपारी सही व्हायची होती.

शुक्रवारी सकाळी बाईंनी वही उघडली. घरी मिक्सर बंद पडला तर आपण तो उचलून आपटतो का? आधी वीज बघतो, मग वायर, मग भांडं नीट बसलंय का ते. इथंही तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची.

एका मुलीचा अडलेला कागद त्यांनी समोर घेतला. नाव बदलून पाहिलं, अडलं. फोन बदलला, तरी अडलं. फोटो काढून टाकला, तेच. मग नात्याच्या यादीत ‘मावशी’ऐवजी ‘आत्या’ निवडलं, आणि नोंद लोण्यात सुरी जावी तशी आत गेली.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा ‘मावशी’, पुन्हा लाल अक्षरं. दुसरा मुलगा, त्याची मावशी, अडली. आईकडच्या माणसांशीच या यंत्राचं वाकडं आहे की काय? ‘मामा’ घालून पाहिला, गेला. त्याच मुलाला दुसरा मामा घातला, अडला!

‘अस्सं. एका नात्याचं एकच माणूस,’ बाईंनी वहीत लिहिलं. ‘फॉर्म बनवणाऱ्याला बहुधा स्वतःला एकच मामा असेल.’

पण त्या मुलीची तर एकही मावशी नोंदलेली नव्हती. मग पहिलीच का अडावी? बाईंनी तिची सगळी नोंद दाखवणारं पान उघडलं आणि पार तळापर्यंत गेल्या. तिथं निवांत बसलं होतं, नाव: मावशी, नातं: मावशी. तारीख फॉर्म सुरू झाल्याच्या दिवसाची.

शाळेच्या व्हॅनमधल्या मावशी! मुलांना हात धरून चढवणाऱ्या, दप्तरं सावरणाऱ्या. बंदचालूनं एका फटक्यात चारशे बारा मुलांच्या नावापुढं त्यांना चिकटवलं होतं. शाळेत सगळे तशीच हाक मारतात, म्हणून नातंही तेच. मग रक्ताच्या मावशीला जागा कुठली उरणार?

चाचणीच्या नोंदी पुसून बाई वही घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. पत्र टेबलावर, पेन सरांच्या हातात, शेजारी बंदचालू. बाईंनी तिथल्याच संगणकावर एकेक पायरी करून दाखवली. आत्या गेली, मावशी अडली, दुसरा मामा अडला, मग तळातली ती नोंद.

बंदचालू खाकरला. “माझाही अंदाज साधारण तोच होता.”

“मग तीन आठवडे तो कुठं जतन करून ठेवला होता?” बाईंनी विचारलं.

सरांना अचानक खिडकीबाहेरचं झाड आवडू लागलं.

“सोपं आहे,” बंदचालू घाईनं म्हणाला. “एकाच नात्याची अट काढतो. व्हॅनच्या बाईंचं नातं ‘कर्मचारी’ करतो, नाव दुरुस्त करतो. आत्ता होईल. काय नाव त्यांचं?”

सरांनी बंदचालूकडे पाहिलं, बंदचालूनं सरांकडे. बारा वर्षं व्हॅनच्या मावशी रोज फाटकातून आत येत होत्या.

“सर, तुम्हाला माहीत असेल ना?”

“म्हणजे... आपल्या मावशी हो!”

“मला माहीत आहे,” नोंदणीबाई म्हणाल्या. “जुन्या रजिस्टरात मीच लिहिलंय, आडनावासकट. आधी ते पत्र फाडा सर, मग सांगते.”

सरांनी पत्राचे दोन तुकडे केले. बाई पाहत राहिल्या. सरांनी चार केले.

“हं, लिहा,” त्या बंदचालूला म्हणाल्या. “सावकाश सांगते. चुकू नका, वयाचा प्रश्न असतो.”