कवायतीचा दुसरा तास

आमच्या आत्याबद्दल अशी बोलवा होती की तिनं अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्यांना मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. साफ खोटं. फेऱ्या दोनच झाल्या, आणि प्राचार्य आपणहून पळाले. मागे कुत्रं लागलं होतं. आत्यानं फक्त "डावा, उजवा, डावा!" म्हणत ताल धरला.

आत्या तिथे कवायत शिकवते. होऊ घातलेल्या शिक्षकांना लष्करी शिक्षण सक्तीचं, म्हणून पहाटे दोन तास मैदान, आणि तिथून थेट शेजारच्या शाळेत सराव-पाठ. त्यातला एक तास पाठाच्या तयारीला द्या, असं शिक्षणशास्त्राच्या बाई चार वर्षं म्हणत होत्या. प्राचार्य चार वर्षं म्हणत होते, "बघू हं, विचार करू." आणि आत्या म्हणायची, "माझ्या तासाला हात लावून बघा!" वीस वर्षं सैन्यात काढलेली बाई, त्या दोन तासांवर तिचा जीव.

शेवटी तिनंच सुचवलं, "साहेब, खुर्च्या दिसल्या की चहा येतो आणि निर्णय राहतो. उद्याची बैठक मैदानात, उभ्यानं. तास कमी हवा त्यानं एक पाऊल पुढे." तिच्या डोळ्यांदेखत पुढे यायची कुणाची छाती होणार नाही, याची तिला खात्री होती.

मग ती आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचा पाठ बघायला तिसरीच्या वर्गात गेली. पठ्ठ्या फळ्यासमोर उभा. पाय फाकलेले, हात पाठीमागे, मुठीत खडू, मान ताठ. आत्याची मान त्याहून ताठ झाली. तेवढ्यात बारीक घोरणं ऐकू आलं.

"श्श!" पहिल्या बाकावरची चिमुरडी कुजबुजली. "सर विश्राममध्ये आहेत. आम्ही बेरजा करतोय."

"रोज असंच?"

"नाही, सोमवारी चित्रं काढतो."

आत्या पाय न वाजवता बाहेर आली. तिच्या पायांना ते नवीनच होतं.

वर्गातलं हे काही मला माहीत नव्हतं. संध्याकाळी तिनं विचारलं, "सांग, उद्याच्या बैठकीत मी काय करीन?"

मी तिच्याच आवाजात गरजले, "माझ्या तासाला हात लावून बघा!"

"लाव पैज. हरलीस तर तासभर विश्राम, तोंड बंद."

"लावली!"

सकाळी सगळे रांगेत. कुणी हलेना. शिक्षणशास्त्राच्या बाई स्वतःच्या चपला न्याहाळत होत्या. प्राचार्यांनी "बघू हं" म्हणायला तोंड उघडलं, आणि एकच बूट खाडकन वाजला. आत्याचा. तिनं मागे वळून पाहिलं, "काय हो? मी एकटीच?"

अख्खी रांग पुढे आली. प्राचार्य तर घाईघाईत दोन पावलं आले.

मोकळ्या झालेल्या त्या तासाला मी आत्याच्या अंगणात विश्राममध्ये उभी राहिले. ती म्हणते, दहाव्या मिनिटाला मी घोरत होते. कशी, तेही ती येईल त्याला हुबेहूब करून दाखवते.